अर्धवट राहिलेला प्रयोग

कॉलेजच्या फेस्टमध्ये पथनाट्य करणारा एखादा ग्रुप तुमच्या ओळखीचा असेलच. कदाचित तुम्ही स्वतःच त्यात असाल. एकसारखे कुर्ते, कमरेला बांधलेल्या ओढण्या, ढोलकीचा ठेका आणि घसा बसेपर्यंत आरोळ्या ठोकून गोळा केलेली गर्दी. स्टेज नाही, पडदा नाही, माईकही नाही. हे सगळं आपल्या इतकं सवयीचं झालंय की, पथनाट्य करताना कुणाचा जीव गेला असेल हे डोक्यातसुद्धा येत नाही. म्हणूनच सफदर हाश्मीची गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी.

सफदरचा जन्म १२ एप्रिल १९५४ रोजी दिल्लीत झाला. सेंट स्टीफन्स कॉलेजात त्याने इंग्रजी साहित्य घेतलं आणि मग दिल्ली विद्यापीठातून एमए केलं. डाव्या विद्यार्थी चळवळीत तो कॉलेजच्या दिवसांतच ओढला गेला. १९७३ मध्ये, विशीही गाठलेली नसताना, त्याने मित्रांसोबत जन नाट्य मंच म्हणजे ‘जनम’ उभं केलं. तेव्हा ही मंडळी मोठी नाटकं करायची, कामगार आणि शेतकरी संघटनांसाठी मोकळ्या मैदानात मांडव घालून.

मग आली आणीबाणी. असली नाटकं करणं अशक्य झालं. सफदर त्या काळात गढवाल, काश्मीर अशा ठिकाणी कॉलेजात शिकवत होता. आणीबाणी उठल्यावर ग्रुप पुन्हा जमला, पण कामगार संघटनांकडे मोठ्या प्रयोगांचा खर्च करायला पैसाच उरला नव्हता. तुमच्या ग्रुपचं बजेट कापलं गेलं तर तुम्ही काय कराल? या पोरांनी नाटकच छोटं केलं. कुठेही नेता येईल, उचलून लगेच उभं करता येईल असं.

१९७८ मधलं ‘मशीन’ हे त्यांचं पहिलं पथनाट्य. गाझियाबादच्या एका कारखान्यात कामगारांनी सायकल स्टँड आणि कॅन्टीन मागितलं होतं. मागणी एवढीच. त्यावरून संप झाला, गोळीबार झाला आणि कामगार मेले. त्या घटनेतून हे जेमतेम तेरा मिनिटांचं नाटक जन्माला आलं. कलाकारच एकमेकांना जोडून यंत्र बनायचे, आणि मग ते यंत्र अचानक बंद पडायचं. सेटला खर्च शून्य. दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियममध्ये हजारो कामगारांसमोर ते झालं आणि पुढे गावोगाव पोचलं.

त्यानंतर ‘जनम’ थांबलंच नाही. बसचं भाडं वाढलं की त्यावर नाटक. बाईच्या घरातल्या आणि बाहेरच्या कष्टांवर ‘औरत’. दंगलींवर, बेकारीवर, महागाईवर नाटक. आज घडलेली गोष्ट थोड्याच दिवसांत चौकात उभी राहायची. सफदर लिहायचा, बसवायचा, काम करायचा. शिवाय लहान मुलांसाठी कविता करायचा आणि वर्तमानपत्रांत लेखही लिहायचा. दिल्लीतल्या पश्चिम बंगाल सरकारच्या माहिती केंद्रात त्याला चांगली नोकरी होती. १९८४ मध्ये ती सोडून तो पूर्णवेळ या कामात उतरला. तो कम्युनिस्ट पक्षाचा, म्हणजे माकपचा सदस्य होता आणि हे त्याने कधी लपवलं नाही. त्याची मतं तुम्हाला पटतील किंवा पटणार नाहीत. पण ती मतं घेऊन तो लोकांच्या दारात उभा राहायचा, हे तर मानावंच लागेल.

१ जानेवारी १९८९. दिल्लीला लागून असलेल्या साहिबाबादमधल्या झंडापूर या कामगार वस्तीत ‘हल्ला बोल’चा प्रयोग चालू होता. नगरपालिका निवडणुकीचे दिवस होते आणि ‘जनम’ माकपच्या उमेदवारासाठी आलं होतं. प्रतिस्पर्धी उमेदवाराच्या माणसांनी लाठ्या आणि सळया घेऊन हल्ला केला. राम बहादूर नावाचा कामगार गोळी लागून जागीच गेला. साथीदारांना निसटता यावं म्हणून सफदर मागे थांबला आणि त्यांच्या तावडीत सापडला. डोक्याला झालेल्या जखमांमुळे २ जानेवारीच्या रात्री तो गेला. वय अवघं चौतीस.

आता पुढचं नीट वाचा. ४ जानेवारीला, म्हणजे दोनच दिवसांनी, त्याची पत्नी आणि सहकलाकार मलयश्री ग्रुपला घेऊन झंडापूरला परत गेली. जागा तीच, नाटक तेच. अर्धवट राहिलेला प्रयोग त्यांनी पूर्ण केला आणि तो बघायला हजारो माणसं जमली. दोषींना शिक्षा व्हायला मात्र २००३ साल उजाडलं. चौदा वर्षं लागली.

आज १२ एप्रिल हा सफदरचा वाढदिवस देशभर पथनाट्य दिवस म्हणून पाळला जातो. ‘जनम’ अजूनही चालू आहे आणि दर १ जानेवारीला झंडापूरला जातं.

तर, पुढच्या स्पर्धेसाठी तालीम कराल तेव्हा एक करून बघा. ट्रॉफी मिळो न मिळो, तेच नाटक कॉलेजच्या गेटबाहेर, रिक्षा स्टँडवर किंवा ज्यांच्याबद्दल ते आहे त्यांच्या वस्तीत एकदा करा. तिथे परीक्षक नसतील. समोरचा माणूस कंटाळला तर सरळ उठून जाईल, आणि थांबला तर प्रश्न विचारेल. सफदरने आयुष्यभर त्याच माणसासाठी नाटक केलं.