सिडनहॅमचा माठ आणि लवळ्याची परिषद

लवळ्याच्या टेकडीवर सिम्बायोसिससारख्या विद्यापीठाला विविधता, समावेशकता आणि आपलेपणा या विषयावर परिषद भरवायची असेल, तर पहिले सत्र बाबासाहेबांच्या सिडनहॅममधील दिवसांवर ठेवावे.

कोलंबियातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ मध्ये बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. लाठ्या घेऊन आलेल्या पारशांनी त्यांना धर्मशाळेतून बाहेर काढले. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. सुरुवातीला विद्यार्थ्यांनी त्यांना महत्त्व दिले नाही; पुढे इतर महाविद्यालयांची मुलेही त्यांच्या वर्गात येऊन बसू लागली. पण प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातील पाणी त्यांनी पिऊ नये, अशी हरकत काही सहकाऱ्यांनी घेतली. हे कुणी अडाणी नव्हते, पदव्या घेतलेले प्राध्यापक होते! नेमणूक मिळाली, पगार मिळाला, पाण्याला मात्र मज्जाव.

त्याच पगारातून पैसे साठवून १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. पुढे १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय उभे केले. त्यांची दारे सर्व जातिधर्मांना खुली ठेवली.

सिम्बायोसिसने पुण्यात सेनापती बापट मार्गावरील स्मारकात बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू जतन केल्या आहेत. पाहुण्यांना ते स्मारक जरूर दाखवावे. त्याआधी यजमानांनी, मग ते कोणतेही विद्यापीठ असो, आपल्या प्राध्यापकांत अनुसूचित जाती-जमातींचे किती जण आहेत, तो आकडा व्यासपीठावरून वाचून दाखवावा.