रावबहादूर बोले यांचा ठराव आणि आपली पावले

राजगडाच्या पायथ्याशी पाली हे गाव आहे. गडाचा पाली दरवाजा याच गावाच्या नावाने ओळखला जातो. इथून भोर गाठले आणि वरंधा घाट उतरला की महाड येते. आमच्या भोर-वेल्ह्यातून चवदार तळ्याकडे जाण्याची हीच वाट. तळ्यावर बाबासाहेबांना अभिवादन करताना आम्हाला आणखी एका माणसाची आठवण होते. ते म्हणजे रावबहादूर सीताराम केशव बोले. आपल्यापैकी किती जणांना हे नाव ठाऊक आहे?

बोले भंडारी समाजातले, मुंबईचे समाजसुधारक. १९०९ साली त्यांनी सहकाऱ्यांसह कामगार हितवर्धक सभा स्थापन केली. त्याआधी तरुण भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा भरलेल्या सत्कारसभेचे अध्यक्षही बोलेच होते. त्याच सभेत केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले.

बोले बंडखोर नव्हते. सरकारी किताब घेणारे, अर्ज-विनंत्यांवर आणि ठरावांवर विश्वास ठेवणारे ते मवाळ पुढारी. पण या मवाळ माणसाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला. सरकारी पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कोर्टे, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. सरकारने खात्यांना तसे आदेशही दिले. मात्र कौन्सिलाचा अंमल घाटाखाली कुलाबा जिल्ह्यात होता. घाटावरच्या भोर संस्थानात नव्हता.

आणि घाटाखाली तरी काय घडले? महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला! १९२६ साली बोले यांनी दुसरा ठराव आणला. जी नगरपालिका, जे लोकल बोर्ड हे मानणार नाही त्याचे अनुदान बंद करा, अशी त्यात शिफारस होती. तरीही तळ्याला आपला हात लागला नाही.

तो लागला २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब हजारो माणसे घेऊन तळ्यावर गेले तेव्हा. त्यानंतर सनातन्यांनी आपल्या लोकांवर हल्ले केले, तळ्याचे शुद्धीकरण केले. नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टात आपला विजय झाला.

मग बोले यांचे श्रेय काय? आम्ही म्हणतो, मोठे आहे. त्या ठरावामुळे महाडला गेलेली माणसे दुसऱ्याच्या दारात भीक मागायला गेली नव्हती. मिळालेला हक्क बजावायला गेली होती. पण ठरावाला पाय नसतात, हेही तितकेच खरे. पाय आपल्याला द्यावे लागतात.

आज संविधानाचे सतरावे कलम आहे, कायदे आहेत. तरी पाणवठ्यावरून, स्मशानाच्या वाटेवरून तंटे झाल्याच्या बातम्या येतातच. ग्रामसभेत ठराव झाला की आपण टाळ्या वाजवून घरी जातो. वाचकहो, बोले यांचे स्मरण करायचे तर दुसऱ्या दिवशी त्या ठरावाचे काय झाले, हे विचारायला चार जणांनी पंचायतीत गेले पाहिजे!