श्रद्धा आणि संसार

धर्मांतर हा एका मनाचा निर्णय असला, तरी त्याची झळ साऱ्या कुटुंबाला पोहोचते. कवी नारायण वामन टिळक यांच्या घरी हेच घडले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. कर्मठ संस्कारांत वाढलेल्या लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूसह नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. पुढे पतिपत्नी पुन्हा एकत्र आली, तेव्हा टिळकांनी आपला विश्वास पत्नीवर लादला नाही. त्यांचे सोवळेओवळे सांभाळून घेतले. जातिभेद मनुष्यनिर्मित आहे, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्याच विचारान्ती पटले आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळकांची प्रार्थनाही परक्या सुरात झाली नाही. तुकोबांच्या अभंगाची वाट धरून त्यांनी ख्रिस्ताला आळविले. १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तेथे स्थान होते.

९ मे १९१९ रोजी ते निवर्तले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. जिच्यापायी एकदा संसार दुभंगला, त्या श्रद्धेचे काव्य पत्नीने सिद्धीस न्यावे, हे त्या संयमाचेच फळ होय. आपल्या माणसाच्या भिन्न मताला अवधी देणे, हीही श्रद्धेची एक कसोटीच आहे.