एका सामन्याचे आचरेकर सर

आमच्या मालवणात १९३२ साली जन्मलेले रमाकांत आचरेकर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले, १९६३-६४ मध्ये, स्टेट बँकेकडून. संधी हुकल्याची सल त्यांना असावी, असे मला वाटते. म्हणूनच शिवाजी पार्कवर त्यांचा भर नेटपेक्षा सामन्यांवर! छोट्या सचिनला स्कूटरवर घालून ते या मैदानावरून त्या मैदानावर न्यायचे. पोरगा दमला की यष्टीवर रुपयाचे नाणे. बाद करील त्या गोलंदाजाचे, नाहीतर सचिनचे. कांबळी, अमरे, चंद्रकांत पंडित, आगरकर याच तालमीतले. शाबासकी मात्र कुणालाच नाही. (आम्हा मालवणी माणसांची खोडच ही!) १९९० साली द्रोणाचार्य, २०१० साली पद्मश्री. २ जानेवारी २०१९ रोजी सर गेले. सचिनने खांदा दिला. जिंकलेली तेरा नाणी त्याने जपून ठेवली आहेत.