वालचंद हिराचंद: गाडी जोडणं वेगळं, गाडी बनवणं वेगळं

मी बुलढाणा जिल्ह्यातला, शेगावला मेकॅनिकल इंजिनीअरिंग शिकतोय. ऑटोमोबाइल हा माझा आवडता विषय. घरी-दारी एक प्रश्न मला हमखास विचारतात: आपल्याकडे गाड्यांचा कारखाना नाही, मग हे शिकून करणार काय? उत्तर शोधताना मी एका माणसाची गोष्ट वाचून काढली. ती तुम्हालाही सांगावीशी वाटली, कारण तुमच्या हातातल्या मोबाइलशीही तिचा संबंध आहे.

सोलापूरचा मुलगा, घाटातले बोगदे

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२चा, सोलापूरचा. घर गुजराती जैन व्यापाऱ्याचं. ते इंजिनीअर नव्हते, कॉलेजही अर्धवट सोडलेलं. घरच्या धंद्यात मन रमेना, म्हणून रेल्वेत कारकून राहिलेल्या लक्ष्मणराव फाटकांबरोबर भागीदारी करून ते रेल्वेची कंत्राटं घेऊ लागले. मुंबई-पुणे मार्गावर भोर घाटातल्या बोगद्यांचं काम त्यांच्याच कंपनीने केलं. पुढे जहाजं आली. ५ एप्रिल १९१९ला सिंधिया कंपनीचं ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं. म्हणूनच ५ एप्रिल आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो.

मोटारी होत्या, कारखाना नव्हता

त्या काळी भारतात मोटारी बनत नव्हत्या का? मुंबईत १९२८पासून जनरल मोटर्स गाड्या जोडत होती. ‘जोडत’ हा शब्द नीट लक्षात ठेवा. इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल सगळं परदेशातून पेट्यांमध्ये यायचं आणि इथे नटबोल्ट आवळून गाडी उभी राहायची. आजही याला सीकेडी, म्हणजे ‘कम्प्लीटली नॉक्ड डाउन’ म्हणतात. मोठे भाग आधीच जोडून आले, तर एसकेडी.

वालचंदांना इथे गाडी बनवायची होती. १९३९मध्ये ते अमेरिकेला गेले आणि क्रायस्लर कंपनीशी बोलणी केली. पण दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं, आणि इंग्रज सरकारने मोटार कारखाना युद्धासाठी गरजेचा मानलाच नाही. याच अमेरिकेच्या फेरीत विमानांचा धंदा करणारे विल्यम पॉली त्यांना भेटले आणि त्यातून डिसेंबर १९४०मध्ये बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. म्हणजे मोटारीआधी विमानाचा कारखाना झाला! १९४२मध्ये सरकारने तो ताब्यात घेतला. आजची एचएएल हीच.

मोटारीचा नाद मात्र त्यांनी सोडला नाही. १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू झाली, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. सुरुवात क्रायस्लरच्या गाड्या आणि ट्रक जोडण्यापासूनच करावी लागली.

इंजिन एवढं अवघड का?

इथे थोडं टेक्निकल बोलू. ट्रकची चासी म्हणजे त्याचा सांगाडा. दोन लांब पोलादी पट्ट्या आणि मध्ये आडव्या पट्ट्या, अगदी शिडीसारखा. चांगलं पोलाद, प्रेस आणि रिव्हेट असले की तो तयार होतो. इंजिनाचं तसं नाही. ब्लॉक ओतायला फौंड्री लागते, क्रँकशाफ्टला फोर्जिंग लागतं. सिलेंडर आणि पिस्टन यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढीच ठेवावी लागते. जास्त झाली तर गाडी तेल खाते, कमी झाली तर गरम होऊन पिस्टन जॅम. एवढं अचूक काम करणारी मशीन, ते पोलाद आणि ते कारागीर, हे सगळं आधी उभं करावं लागतं. ते एका वर्षात होत नाही.

वालचंदांना ते पूर्ण बघायला मिळालं नाही. १९४९मध्ये त्यांना पक्षाघात झाला, ८ एप्रिल १९५३ला गुजरातमधल्या सिद्धपूरला ते गेले. त्याच वर्षी टॅरिफ कमिशनने शिफारस केली की ज्यांच्याकडे गाडी इथे बनवण्याची योजना आहे, त्यांनाच धंदा करू द्यावा. नुसती जोडणी करणारे फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेले. प्रीमियर टिकली. पुढे फियाट ११०० कुर्ल्यात बनू लागली आणि तीच नंतर प्रीमियर पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन, आणि वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत ती २०२३पर्यंत धावली.

मग आपण काय शिकायचं?

विद्यार्थ्यांच्या ‘बाहा’ स्पर्धेत सगळ्या टीमना सारखंच तयार इंजिन वापरावं लागतं. रोल केज, सस्पेन्शन, स्टिअरिंग मात्र स्वतःच डिझाइन करायचं. मला यात वालचंदांचीच वाट दिसते: जे येत नाही ते सुरुवातीला बाहेरून घ्या, पण दरवर्षी एक भाग आपल्या हातात आणा.

म्हणून घरच्यांच्या प्रश्नाला माझं उत्तर तयार आहे. कारखाना जवळ असेल तरच शिकायचं, असं वालचंदांनी ठरवलं असतं तर ते सोलापुरात कापूस विकत बसले असते. समृद्धी महामार्ग आता आपल्या मेहकर, सिंदखेडराजावरून जातो. त्यावरच्या गाड्यांमधला एखादा भाग आपल्या पोरांनी डिझाइन केलेला का नसावा?

आता तुमच्या फोनचा खोका बघा. ‘मेड इन इंडिया’ लिहिलंय? मग चिप, डिस्प्ले, कॅमेरा सेन्सर कुठले आहेत, तेही शोधा. जोडलं किती आणि बनवलं किती, कमेंटमध्ये नक्की सांगा.