मुत्सद्दी कोल्बेर व सरकारी सवलती

उद्योगधंद्यांस सरकारनें अनुदानें व करमाफी द्यावी काय, या प्रश्नावर तत्त्वचर्चा पुष्कळ होते. परंतु ज्या पुरुषानें हा प्रयोग एका मोठ्या राष्ट्राच्या खजिन्यानिशीं करून पाहिला, त्याचें चरित्र पाहणें आम्हांस अधिक उपयुक्त वाटतें. तो पुरुष म्हणजे फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर होय.

कोल्बेर १६१९ सालीं ऱ्हीम्स शहरीं व्यापारी घराण्यांत जन्मला. मुख्य प्रधान माझारँ याची खाजगी जिंदगी सांभाळून तो वर चढला. १६६१ त माझारँ वारला, खजिन्याचा अधिकारी फुके कैद झाला आणि कारभार कोल्बेरच्या हातीं आला. त्यानें प्रथम जमाखर्च सुरळीत केला, सरकारी पैसा गिळणाऱ्यांवर खटले भरले आणि मग तो धंद्यांकडे वळला. परदेशी मालापायीं बाहेर जाणारें सोनेंरुपें थांबविणें हा त्याचा हेतु होता.

१६६५ सालीं त्यानें व्हेनिसचे कारागीर फोडून आणून आरशांचा कारखाना उभारविला. त्याच सालीं व्हान रोबे नांवाच्या डच कारखानदारास आब्व्हिल गांवीं बोलावून रोख रक्कम, करमाफी व मक्ता दिला. दोन्ही धंदे रुजले. व्हान रोबेच्या पेढीनें पुढें हजाराहून अधिक मजूर पोसले. आरशांचा कारखाना साँ-गोबँ या नांवानें आजही जिवंत आहे.

दुसरी बाजू मात्र खेदकारक आहे. १६६४ त काढलेल्या पूर्व हिंदुस्थान कंपनीचें भांडवल दीड कोटी लिव्हर ठरलें. राजानें मोठा वाटा घातला, शहरांवर दडपण आणलें. तरी व्यापाऱ्यांनीं हात आखडता घेतला व भांडवल पुरें भरलें नाहीं. तिची पहिली वखार १६६८ त आमच्या सुरतेस पडली, पण इंग्रज व डच यांच्या बरोबरीस ती आली नाहीं. पश्चिमेकडील कंपनी तर १६७४ त मोडली. आलांसों येथें लेस विणण्याचा मक्ता दिला, तेव्हां घरोघर तें काम करणाऱ्या बायका रस्त्यावर उतरल्या. १६६७ च्या जबर जकातीनें डचांशीं वैर वाढलें. १६७२ त युद्ध पेटलें आणि १६७८ च्या तहांत ती जकात सोडावी लागली. १६८३ त कोल्बेर मेला, तेव्हां करांनीं गांजलेल्या लोकांच्या भीतीनें त्याचें दफन रात्रीं उरकावें लागलें.

यावरून सवलती सर्वथैव निष्फळ, असें आम्ही म्हणत नाहीं. जेथें देशांत नसलेलें कसब आणलें, तेथें पैसा फळला. जेथें चालत्या धंद्यावर मक्ता लादला किंवा व्यापाऱ्याचा विश्वास हुकुमानें मिळवूं पाहिला, तेथें तो बुडाला.

हिंदुस्थान सरकारनें २०२० पासून उत्पादनाशीं निगडित अनुदानें सुरू केलीं. वाढीव विक्री मोजून मग पैसा द्यावयाचा, ही रीत कोल्बेरच्या आगाऊ रकमेपेक्षां शहाणपणाची आहे. पण तेवढ्यानें भागत नाहीं. धंदा मदतीवांचून आलाच नसता काय? मदतीस मुदत आहे काय? हिशेब प्रजेस दिसतो काय? उघडलेले कारखाने मोजणें सोपें आहे; मदत थांबल्यावर किती उभे राहिले, हें मोजावयास हवें. सवलत म्हणजे शेजारच्या दुकानदारानें भरलेला कर होय. तो कोठें गेला, हें विचारण्याचा हक्क प्रत्येक करदात्यास आहे आणि तो त्यानें बजावला पाहिजे.