पूर्वपक्षही त्यांचा, उत्तरपक्षही त्यांचाच

धर्माच्या बाजूने युक्तिवाद करणारे पंडित आपल्याकडे पुष्कळ झाले. वाद कसा करावा याची शिस्तही आपल्या परंपरेत फार जुनी आहे. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचे म्हणणे, प्रामाणिकपणे मांडायचे आणि मग उत्तरपक्ष करून त्याचे खंडन करायचे. पण विशीच्या उंबरठ्यावर ज्या मताचे हिरिरीने खंडन केले, त्याच मताच्या मंडनात उरलेले आयुष्य वेचायचे, आणि इतके करूनही तरुणपणी स्वतःच विचारलेल्या प्रश्नांनी पाठ सोडू नये, असे भाग्य म्हणा की भोग म्हणा, एखाद्याच्याच वाट्याला येतो. पंडित नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या वाट्याला तो आला.

ख्रिस्ती समाजात ते फादर नेहेम्या गोऱ्हे म्हणून ओळखले जातात. पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचताना त्यांचे नाव ओझरते भेटते आणि आपण पुढे जातो. वास्तविक थोडे थांबावे असा हा माणूस आहे. ईश्वरावर श्रद्धा का ठेवायची, तो न्यायी आहे हे कशावरून, आणि श्रद्धा नसेल तर नीतीचे काय, हे प्रश्न आजही घरोघरी जेवणानंतरच्या गप्पांत निघतात. गोऱ्ह्यांनी त्या प्रश्नांपायी घरदार गमावले.

काशीतला कोकणस्थ

नीळकंठाचा जन्म १८२५ च्या फेब्रुवारीत झाशीजवळच्या काशीपुरा या गावी झाला. घराणे मूळचे कोकणस्थ चित्पावन. पेशवाईच्या विस्ताराबरोबर बुंदेलखंडात आणि पुढे काशीत जी अनेक मराठी कुटुंबे स्थिरावली, त्यांतलेच हे एक. काशीतल्या घरी संस्कृत विद्येचे वातावरण होते. मुलगा व्याकरण शिकला, न्यायशास्त्र शिकला आणि तर्काच्या अंगाने विचार करण्याची त्याला जी सवय जडली ती कायमची. घर शिवभक्तांचे, हा मात्र विष्णूकडे ओढला गेला. मनाला पटले की कुळाचाराच्या बाहेर पाऊल टाकायचे, ही वृत्ती अशी लहानपणीच दिसून आली होती.

त्या सुमारास संस्कृत पंडितांमध्ये एका पुस्तकाची चर्चा होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतले स्कॉटिश संस्कृतज्ञ जॉन म्यूर यांनी १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ नावाचा ग्रंथ चक्क संस्कृतात लिहिला होता. गुरु-शिष्य संवादाच्या रूपातल्या या ग्रंथात खऱ्या धर्माची लक्षणे सांगून त्या कसोटीला ख्रिस्ती धर्मच उतरतो, असा निष्कर्ष काढलेला होता. पंडितांच्या भाषेत आणि पंडितांच्याच पद्धतीने दिलेले हे आव्हान होते. त्याला तीन उत्तरे आली आणि त्यांतली दोन मराठी माणसांची होती.

पहिले उत्तर माळव्यातल्या सिहोरचे ज्योतिषी सुबाजी बापू यांचे. त्यांनी सोमनाथ या नावाने लिहिताना समंजस भूमिका घेतली. माणसांचे अधिकार निरनिराळे, म्हणून मार्गही निरनिराळे. ज्याने त्याने आपल्या धर्माने चालावे. दुसरे उत्तर कलकत्त्याच्या हरचंद्र तर्कपंचानन यांचे, बरेच तिखट. तिसरा ग्रंथ १८४४-४५ मधला, ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’. तो लिहिणारा नीळकंठ गोऱ्हे तेव्हा जेमतेम एकोणीस-वीस वर्षांचा होता.

या तरुणाने नेमके मर्मावर बोट ठेवले. जन्मतः आंधळे मूल, यातना भोगणारी मुकी जनावरे यांचे दुःख कशामुळे? पूर्वजन्मीचे कर्म मानले तर या विषमतेचा काहीतरी हिशेब लागतो. एकच जन्म मानणाऱ्यांना मात्र ईश्वराने निष्पाप जिवाला दुःखासाठीच निर्माण केले असे म्हणावे लागेल. आणि चार दिवसांच्या आयुष्यातल्या पापासाठी अनंत काळचा नरक, हा कुठला न्याय? शिवाय केवळ तर्काने धर्म ठरत नाही. आधी शास्त्रावर श्रद्धा हवी, तर्काने तिच्या मागून चालावे, असेही त्याने बजावले. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण तिची परीक्षा पुढे त्यालाच द्यावी लागली.

वाद जिंकायला गेला आणि...

काशीत चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ नावाचे मिशनरी काम करीत. त्यांना वादात निरुत्तर करावे या इराद्याने नीळकंठ त्यांच्याकडे गेला. स्मिथ शांत स्वभावाचे होते. त्यांनी वाद वाढवला नाही, वाचायला बायबल दिले. येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने या तरुणाला अस्वस्थ केले. शत्रूवरही प्रेम करावे, दान दिल्याचा गवगवा करू नये, कृत्याइतकीच मनातली वासनाही तपासावी, ही शिकवण त्याला खंडन करण्याजोगी वाटेना. तरीही तो एका रात्रीत बदलला नाही. तीन-चार वर्षे शंका, उत्तरे, पुन्हा शंका असा क्रम चालला. आपले आक्षेप त्याने लेखी दिले, त्यांची उत्तरे तपासली आणि अखेर १४ मार्च १८४८ रोजी जौनपूरला त्याने बाप्तिस्मा घेतला. नाव मिळाले नेहेम्या.

त्या काळी धर्मांतर म्हणजे जिवंतपणी मरण. वडिलांनी परोपरीने विनवले. लेकाने मन घट्ट केले. ज्या घरात पाठांतराचे स्वर घुमले, त्या घराचा उंबरा त्याला परका झाला. पत्नी लक्ष्मीबाई काही काळाने त्याच्याकडे आली आणि तिनेही बाप्तिस्मा घेतला. १८५३ मध्ये तिला मुलगी झाली आणि थोड्याच काळात लक्ष्मीबाई वारली. तान्ह्या पोरीला सांभाळणारे घरातले कोणीच उरले नव्हते. ती युरोपीय कुटुंबांत वाढली आणि १८६५ मध्ये एका मिशनरी कुटुंबाबरोबर इंग्लंडला गेली. ही एलन लक्ष्मी गोऱ्हे पुढे कवयित्री झाली. तिने इंग्रजीत लिहिलेले एक भक्तिगीत जगभरच्या चर्चमधून गायिले गेले. नंतर भारतात परतून तिने सेवेत आयुष्य काढले आणि १९३७ मध्ये तिचा अंत झाला. श्रद्धेची किंमत बहुधा एकटा श्रद्धाळू मोजत नाही. वृद्ध पित्याने ती मोजली आणि या पोरक्या मुलीनेही. गोऱ्ह्यांच्या चरित्राकडे आदराने पाहतानाही हा हिशेब डोळ्यांआड करता येत नाही.

लंडनमधला धक्का

पंजाबचे पदच्युत महाराजा दुलीपसिंग १८५४ मध्ये इंग्लंडला निघाले, तेव्हा त्यांचे पंडित म्हणून गोऱ्हे बरोबर गेले. राणी व्हिक्टोरियाचीही भेट झाली. दुसरा कोणी असता तर या मानाने हुरळून गेला असता. गोऱ्हे मात्र लंडनच्या रस्त्यांवर फिरून खचले. ज्या धर्मासाठी घर सोडले तो आचरणात आणणारा देश पाहायला मिळेल, अशी त्यांची भाबडी अपेक्षा होती. दिसली ती पैशामागची धावपळ, श्रीमंतांचा थाट आणि गरिबांची दैना. त्यांची ही निराशा मॅक्स म्युलर यांनी पुढे आपल्या आठवणींत नोंदवून ठेवली आहे. हाच ख्रिस्ती धर्म असेल तर आपण ख्रिस्ती नव्हेच, अशी त्या तरुण पंडिताची भावना झाली होती.

या अनुभवाने ते मागे फिरले नाहीत, पण धर्माची कसोटी त्यांच्यापुरती कायमची ठरून गेली. ग्रंथात काय लिहिले आहे हे तर पाहायचेच, पण त्याने माणूस कसा घडतो हेही पाहायचे. आणि ही कसोटी त्यांनी सर्वांत कठोरपणे लावली ती स्वतःला.

दर्शनांचा आरसा

मायदेशी परतल्यावर १८६० मध्ये त्यांचा ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत संस्कृतज्ञ फिट्झएडवर्ड हॉल यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि गोऱ्ह्यांचे नाव युरोपातल्या अभ्यासकांपर्यंत पोहोचले. हिंदू दर्शनांवर टीका करणारे मिशनरी बरेच होते, पण बहुतेकांचे ज्ञान ऐकीव. गोऱ्हे त्या परंपरेतच घडलेले. त्यांनी न्याय, सांख्य, वेदान्त यांचा पूर्वपक्ष मूळ ग्रंथांच्या आधारे मांडला आणि त्याच शास्त्राची हत्यारे वापरून टीका केली.

त्यांचा मुख्य रोख नीतीवर होता. जीव आणि ब्रह्म एकच असतील तर पाप कोणी केले, पश्चात्ताप कोणाला व्हायचा आणि क्षमा कोण कोणाला करणार? पुण्य-पाप केवळ व्यवहाराच्या पातळीवर खरे आणि परमार्थात नाहीच, असे म्हटल्याने नीतीचा पाया सुटतो, असे त्यांना वाटे. एके काळी ज्या कर्मसिद्धान्ताचा आधार घेतला, त्याबद्दलही आता त्यांची तक्रार होती. आरंभच नसलेली कर्माची साखळी प्रश्न सोडवीत नाही, फक्त मागे मागे ढकलते.

या टीकेला उत्तरे नाहीत असे नाही. अद्वैती म्हणेल की ज्याला सर्वांभूती एकच आत्मा दिसतो तो दुसऱ्याला दुखावील कसा? एकनाथांनी तहानेल्या गाढवाला गंगाजल पाजल्याची कथा आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक आहे; तिच्यामागे हीच दृष्टी आहे. पण वाद उत्तम झाला की दोन्ही पक्षांचा लाभ होतो. गोऱ्ह्यांच्या ग्रंथाने तेवढे निश्चित केले.

तरुणपणीच्या प्रश्नांनी मात्र त्यांना सोडले नाही. अनंत नरक हा कुठला न्याय, असे विसाव्या वर्षाच्या आत विचारणाऱ्या गोऱ्ह्यांना १८६८ मध्ये अनंत शिक्षेच्या ख्रिस्ती सिद्धान्तावरील आक्षेपांना उत्तर देणारी पुस्तिका लिहावी लागली. आक्षेप घेणारे इतर होतेच, पण पहिला आक्षेपक स्वतः लेखकच होता, हे विसरून कसे चालेल?

पुण्या-मुंबईची वर्षे

१८६८ मध्ये गोऱ्हे डीकन झाले आणि १८७० मध्ये त्यांना पूर्ण पाळकाची दीक्षा मिळाली. पुढे ऑक्सफर्डजवळच्या काउली येथील संन्यस्त पाळकांच्या संघात १८७६ मध्ये ते उमेदवार म्हणून दाखल झाले, पण अखेरचे व्रत त्यांनी घेतलेच नाही. आपण त्याला पात्र आहोत की नाही, ही शंका त्यांच्या मनातून जाईना. श्रद्धेविषयीच्या शंका तर आयुष्यभर येत-जात राहिल्या. इतरांच्या शंका फेडणारा हा पंडित स्वतःच्या शंकांनी कासावीस होई आणि ते लपवीत नसे. राहणी अगदी साधी, गरजा थोड्या आणि बोलण्यात विलक्षण नम्रता.

मुंबई-पुण्यात तेव्हा प्रार्थना समाज भरात होता. एकच ईश्वर, तो दयाळू पिता, मूर्तीची गरज नाही, प्रार्थनेने चित्तशुद्धी होते, ही त्या समाजाची शिकवण. १८७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत गोऱ्ह्यांनी या एकेश्वरवाद्यांना एक अडचणीचा प्रश्न विचारला. पाप, पश्चात्ताप, ईश्वराचे पितृत्व या कल्पना तुम्ही ख्रिस्ती धर्मातून घेतल्या. मग झाड तोडून फळ तेवढे कसे ठेवता? रानडे-भांडारकरांच्या पिढीचे उत्तर निराळे होते. हे झाड आमच्या अंगणात आधीपासून आहे. तुकोबांचे अभंग उघडा, पश्चात्तापही सापडेल आणि माउली होऊन धावणारा देवही. येथे प्रार्थना समाजाची बाजू वजनदार होती असे म्हणावे लागते. गोऱ्हे काशीच्या शास्त्रांत वाढले. वारकऱ्यांचे महाराष्ट्र त्यांच्या वाट्याला उशिरा आले. तर्काच्या वाटेने ख्रिस्ताकडे गेलेले गोऱ्हे आणि तुकोबांच्या पुलावरून गेलेले रेव्हरंड ना. वा. टिळक, हा फरक मोठा उद्बोधक आहे.

पंडिता रमाबाई याच काळात पुण्यात आल्या. त्यांनी शास्त्रे पाठ केली होती, वादात त्या कोणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. गोऱ्ह्यांशी त्यांची चर्चा झाली, पत्रव्यवहार झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्यामागे गोऱ्ह्यांचा वाटा मोठा होता, हे त्यांनी स्वतः मान्य केले. विशेष म्हणजे त्यांच्या पांडित्याइतकाच त्यांच्या विनम्र, मृदू बोलण्याचा ठसा रमाबाईंच्या मनावर उमटला होता. पुढे रमाबाई कोणत्याही चर्चच्या आज्ञेत पुरत्या राहिल्या नाहीत, पण केडगावच्या ‘मुक्ती’त दुष्काळातल्या अनाथ मुलींसाठी त्यांनी जे केले, ते त्यांच्या श्रद्धेचे सर्वांत बोलके समर्थन ठरले.

१८९५

२९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत गोऱ्ह्यांचा अंत झाला. त्याच वर्षी १० फेब्रुवारीला मुंबईतच ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा झाला होता. आणि त्याच वर्षी १७ जूनला पुण्यात गोपाळ गणेश आगरकर गेले. नीतीला ईश्वराच्या आधाराची गरज नाही, विवेक पुरेसा आहे, ही आगरकरांची भूमिका गोऱ्ह्यांच्या अगदी उलट टोकाची. पण दोघांनीही पटलेल्या गोष्टीसाठी सुखाचा जीव दुःखात घातला, दोघांनीही आप्तांचा रोष पत्करला, दोघेही गरिबीत जगले आणि दोघांनीही समोरच्याच्या युक्तिवादाला तोंड दिल्याशिवाय आपले मत मांडले नाही.

मग नीतीसाठी धर्म लागतोच का? गोऱ्ह्यांच्या आयुष्यावरून या प्रश्नाचा निकाल लागत नाही. श्रद्धेच्या समर्थनाची रीत मात्र त्यातून शिकता येते. समोरच्याचे शास्त्र आधी नीट वाचावे, आपल्या पक्षातले कच्चे दुवे ओळखावे, शंका आली तर ती दडपू नये, आणि जे सांगतो त्याची झळ प्रथम स्वतःला लागू द्यावी. आज धर्मावरचे वाद चढ्या आवाजात चालतात. पूर्वपक्ष मांडण्याइतका धीर कोणालाच नसतो. काशीतल्या त्या मराठी पंडिताने वाद जिंकायला म्हणून बायबल हाती घेतले, पण वाचले ते मन लावून. त्यांच्या निष्कर्षाशी सहमत व्हायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. ते वाचणे मात्र सर्वांनीच गिरवावे असे आहे.